हाका वाढल्या की ओ देणारे कमी होतात

रमजान आणि द्राक्षांचा हंगाम गेली काही वर्षे आपल्याकडे एकाच वेळी येत आहेत. दिवसभर पिंपळगावातून द्राक्षांच्या क्रेटने भरलेल्या गाड्या महामार्गाकडे जातात आणि सूर्य कलला की खजूर, कापलेली फळे, भजी, समोसे आणि शरबत यांच्या गाड्यांभोवती गर्दी होते. घेणाऱ्यांत रोजेदार असतात, तसे रोजा नसलेले शेजारीही असतात.

साखर मोजणे आपल्या गावाला नवे नाही. माल काढण्याआधी बागायतदार चार मणी पिळतो, रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकतो, साखर किती भरली ते बघतो आणि मगच व्यापाऱ्याला हो म्हणतो. स्वतःच्या रक्तातल्या साखरेचा विषय निघाला, की मात्र हाच माणूस तो एका वाक्यात संपवतो : ‘‘उपाशीपोटीची नॉर्मल आली, आता काय काळजी?’’

मी डॉक्टर नाही, महाविद्यालयात भाषा शिकवते. पण ज्या घरात दोन पिढ्यांचा मधुमेह आहे, त्या घरातल्या माणसाला हा विषय वाचावाच लागतो. वाचताना एक गोष्ट ठसली. रक्तातली साखर नॉर्मल आहे की नाही, हा एक प्रश्न झाला. ती नॉर्मल ठेवण्यासाठी शरीराला किती इन्सुलिन खर्च करावे लागत आहे, हा दुसरा प्रश्न आहे, आणि तो सहसा कुणी विचारत नाही. उपवासाचा महिना हा प्रश्न विचारायला योग्य आहे. रोजा असो वा एकादशी, तो सर्वांच्याच घरचा आहे.

जंजिऱ्यातून निघणारी हाक

इन्सुलिन हा शब्द ‘इन्सुला’ या लॅटिन शब्दावरून आला. त्याचा अर्थ बेट. स्वादुपिंडात पेशींची लहान लहान बेटे विखुरलेली असतात. पॉल लँगरहान्स या जर्मन संशोधकाने १८६९ मध्ये त्यांचे वर्णन केले. बेटाला अरबीत आणि उर्दूत जजीरा म्हणतात. मुरुडच्या किल्ल्याला आपण जंजिरा म्हणतो, तो हाच शब्द. म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या पोटात असे असंख्य जंजिरे आहेत आणि इन्सुलिन हे तिथून निघणारे फर्मान आहे.

आपण जेवतो, अन्नातली साखर रक्तात उतरते. रक्तात ती नुसती फिरत राहून उपयोग नाही. ती स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत गेली पाहिजे, आणि यकृताने स्वतःची साखर सोडणे थांबवले पाहिजे. हे काम इन्सुलिन करते. पण ते पेशीच्या आत शिरून दार उघडत नाही, बाहेरून हाक देते. पेशीच्या पृष्ठभागावर ही हाक ऐकणारे खास रेणू असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. इन्सुलिन रिसेप्टरला चिकटले की आत एकामागून एक निरोप जातात आणि साखर आत घेणारी दारे पृष्ठभागावर येतात. इन्सुलिनची हाक आणि पेशीची ओ असा हा व्यवहार आहे.

हाक दिली तरी ओ मिळत नाही, त्या अवस्थेला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. उर्दूत मुजाहमत, मराठीत रोध.

इन्सुलिनचा शोध टोरांटोत १९२१ मध्ये लागला आणि १९२२ च्या जानेवारीत १४ वर्षांच्या एका मुलाला त्याचे पहिले इंजेक्शन मिळाले. तेव्हा समजूत सरळ होती : मधुमेह म्हणजे इन्सुलिनची कमतरता. १९३६ मध्ये इंग्लंडच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी दाखवले, की काही मधुमेहींना इन्सुलिन लगेच लागू पडते आणि काहींना ते दिले तरी फारसा फरक पडत नाही. पुढे अमेरिकेत रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातले इन्सुलिन मोजण्याची पद्धत बसवली. १९६० मध्ये त्यांनी मोजमापे प्रसिद्ध केली, तेव्हा प्रौढ वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन कमी नव्हे, उलट जास्त निघाले. हाक मोठी होती, ओ मिळत नव्हती. यालो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळाले. बर्सन तेव्हा हयात नव्हते.

रात्रभर कुणी दार वाजवत राहिले तर

रमजानमध्ये पहाटे मोहल्ल्यातून सहेरीसाठी उठवणारे फिरतात. एक हाक आली की घरात दिवा लागतो. आता कल्पना करा, हाच माणूस रात्री नऊपासून दर अर्ध्या तासाने प्रत्येक दारावर थाप मारू लागला. पहिल्या रात्री लोक उठतील. दुसऱ्या रात्री खिडक्या लावून घेतील. तिसऱ्या रात्री दाराची घंटाच काढून ठेवतील. मग पहाटे खरी हाक येईल तेव्हा त्याला दुप्पट आवाजात ओरडावे लागेल.

पेशी जवळपास हेच करते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जेस रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात हे तपासले. १९७४ मध्ये जेम्स गॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि त्यांना जास्त इन्सुलिनमध्ये ठेवले. काही तासांत त्या पेशींवरचे रिसेप्टर ठळकपणे कमी झाले. इन्सुलिन काढून घेतल्यावर ते हळूहळू परत आले. कारण असे, की इन्सुलिन चिकटले की रिसेप्टर त्याच्यासह पेशीच्या आत ओढला जातो. काही रिसेप्टर पुन्हा वर येतात, काही आतच मोडीत निघतात. हाकांचा मारा थांबलाच नाही, तर मोडीत निघणारे जास्त आणि नव्याने वर येणारे कमी, असा हिशेब होतो.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, लठ्ठ माणसांच्या पेशींवर इन्सुलिन कमी चिकटते आणि आहार कमी केल्यावर ते चिकटणे सुधारते, असेही दिसले. उपवासाशी या विषयाचे नाते इथे लागते. हाका थांबल्या तर काढलेल्या घंटा पुन्हा बसवल्या जाऊ शकतात.

पण गोष्ट इथे संपवली तर ती अर्धी राहील. पेशीकडे रिसेप्टर गरजेपेक्षा बरेच जास्त असतात. थोडे कमी झाले तरी इन्सुलिन जरा वाढवून काम भागते. बहुतेक लोकांत खरा बिघाड घंटेच्या पुढे, आतल्या तारेत असतो. यकृतात आणि स्नायूंत, जिथे चरबी साठायला नको तिथे ती साठू लागली, की रिसेप्टरकडून आत जाणारा निरोप वाटेतच अडतो. घंटा वाजते, पण आतल्या खोलीत ऐकू येत नाही.

मग आधी काय होते? ओ कमी होते म्हणून हाक वाढते, की हाक वाढते म्हणून ओ कमी होते? शास्त्रज्ञांचा हा वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंना पुरावे आहेत. निरोगी माणसांना दोन-तीन दिवस सलग थोडे जास्त इन्सुलिन शिरेतून दिले, तेव्हा त्यांच्या शरीराचा प्रतिसाद मंदावला. उलट, चरबी वाढली की प्रतिसाद आधी मंदावतो आणि स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून भरपाई करते, हेही दिसले आहे. सामान्य माणसाने एवढे समजून घेतले तरी पुरे, की हे चक्र आहे आणि एकदा फिरू लागले की दोन्ही टोकांनी फिरते.

या चक्रात कित्येक वर्षे साखर नॉर्मलच येते. जंजिऱ्यातल्या पेशी दुप्पट-तिप्पट राबून ती नॉर्मल ठेवतात. त्या थकल्या की मगच रिपोर्टात आकडा चढतो. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा होता, की मधुमेहाचे निदान होते त्या दिवशी या पेशींची निम्मी क्षमता आधीच गेलेली असते. म्हणजे ‘आता कुठे साखर लागली’ असे आपण म्हणतो, तेव्हा आजार वयाने बराच मोठा झालेला असतो.

पुण्याची बाळे

‘‘आम्ही कुठे जाड आहोत?’’ हा आपल्याकडचा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर फार दूर नाही, पुण्यात शोधले गेले.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, अंगाने बारीक अशा या आया. त्यांची बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्पटनची बाळे सरासरी साडेतीन किलोची. पुण्याची बाळे सगळ्याच मापांत लहान होती, पण स्नायू आणि पोटातले अवयव यांत जास्त कमी आणि त्वचेखालच्या चरबीत सर्वांत कमी फरकाने मागे. दिसायला रोड, आतून चरबी राखून असलेली. संशोधकांनी त्यांना ‘बारीक-चरबीयुक्त’ बाळे म्हटले.

२००२ मध्ये याच गटाने पुणे आणि लंडन इथल्या नवजात बाळांच्या नाळेतले रक्त तपासले. भारतीय बाळे वजनाने कमी होती, तरी त्यांच्या रक्तातले इन्सुलिन जास्त होते. ज्या जिवाने अजून आईच्या दुधाचा घोटही घेतलेला नाही, त्याच्या शरीरात हाक मोठ्याने चालू आहे.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा : २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर विसंबून ‘मी बारीक आहे’ म्हणणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने हा फोटो एकदा बघावा.

या अभ्यासातली आणखी एक गोष्ट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येते. तिथल्या सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. गरोदरपणात ज्यांचे ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स जास्त आढळला. ब-१२ दूध, दही, अंडी, मांस, मासे यांतून मिळते. सुनेच्या ताटात दूध-दही पडते की नाही, हा प्रश्न केवळ मायेचा राहत नाही. तो नातवाच्या मधुमेहाशी जोडलेला असू शकतो. आमच्याकडे आणि तुमच्याकडे, दोन्ही घरी, सर्वांचे जेवण उरकल्यावर उरलेले खाणारी बाई अजून आहे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाने भारतात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक असल्याचा अंदाज दिला. उंबरठ्यावरचे लोक जास्त आहेत, हे ध्यानात घ्या. त्यांना परत फिरता येते.

‘तुमचा रोजा म्हणजे दीक्षित डाएटच की!’

हे वाक्य मला दर रमजानमध्ये स्टाफरूममध्ये ऐकायला मिळते. नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी व्याख्याने देऊन पोहोचवलेला विचार महाराष्ट्राला पाठ आहे : दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही खाऊ नका, कारण दर खाण्याला इन्सुलिन सुटते. आहारतज्ज्ञांत यावर मतभेद झाले. इन्सुलिन किती सुटते हे काय आणि किती खाल्ले यावरही ठरते, सर्वांना एकच वेळापत्रक लागू नाही, असे आक्षेप आले आणि ते रास्त आहेत. पण एक श्रेय द्यावेच लागेल. इन्सुलिन हा शब्द इंजेक्शनच्या बाटलीतून काढून त्यांनी तो घराघरांतल्या गप्पांत आणला.

कागदावर रोजा खरोखर तसाच दिसतो. सहेरी आणि इफ्तार, दोन वेळा. मधले तेरा-चौदा तास पोटाला शांतता. पण आपण तो कसा पाळतो? इफ्तारला खजूर, त्यावर गोड शरबताचे दोन ग्लास, भजी, समोसे, फळे. मगरिबच्या नमाजानंतर जेवण. तरावीहनंतर मित्रांबरोबर फिरनी, कबाब, चहा. झोपण्याआधी आणखी काही. पहाटे दुधातली फेणी. दिवसभर थांबलेल्या हाका सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत सलग सुरू. दार वाजवणाऱ्याने फक्त पाळी बदलली.

मराठीत याला फार नेमकी म्हण आहे : एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स, राजगिऱ्याचे लाडू आणि तिकडे भजी-शरबत-फिरनी. उपवासाची दोन नावे, चूक एकच.

म्हणूनच रमजानच्या रोजांवर जगभर झालेल्या अभ्यासांत इन्सुलिन रेझिस्टन्सबाबत एकसारखे निष्कर्ष येत नाहीत. कुठे सुधारणा दिसते, कुठे काहीच नाही. वजन सरासरी किलो-सव्वा किलो उतरते आणि ईदनंतर काही आठवड्यांत परत येते. रोजा आपोआप औषध होत नाही. तो फक्त संधी देतो, उरलेले काम रात्रीच्या ताटाचे असते.

ते ताट कसे असावे? खजूर एक-दोन, सोबत पाणी. शरबताऐवजी ताक किंवा लिंबूपाणी, साखर नावापुरती. द्राक्षे जरूर खा, ती आपली आहेत, पण मूठभर मणी, ग्लासभर रस नव्हे. रसात तीन-चार मुठींची साखर एका दमात पोटात जाते. तळलेला एक पदार्थ पुरे, तोही रोज नको. मग डाळ, उसळ, भाजी, मांस किंवा अंडी, आणि भाकरी. त्यानंतर सहेरीपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. सहेरीत फेणीऐवजी भाकरी, अंडी, दही.

दुसरी गोष्ट चालण्याची. स्नायू काम करतात तेव्हा ते इन्सुलिनच्या हाकेविनाही साखर आत घेतात. ओ देणारे कमी झाले असले, तरी हे मागचे दार उघडे असते. तरावीहला मोटारसायकल घरी ठेवून पायी जाणे आणि नमाजाचे उठणे-बसणे यांचा हिशेब इथे जमेत धरता येतो. ज्यांना तरावीह नाही, त्यांनी जेवणानंतर अर्धा तास गावातून एक फेरी मारावी. फायदा तोच.

लिंबू-बेसनाने न जाणारा काळेपणा

शरीर काही खुणा आधीच दाखवते. मानेच्या मागे, काखेत, कोपरांवर त्वचा काळी, जाडसर, मखमलीसारखी होते. रक्तातले वाढलेले इन्सुलिन त्वचेच्या पेशींना वाढायला भाग पाडते, त्याचा हा परिणाम. माझ्या वर्गातल्या मुली ओढणीने मान झाकून बसतात तेव्हा ते मला दिसते. घरी त्यांना ‘नीट अंघोळ कर’ म्हणून बोलतात, लिंबू-बेसन लावतात, घासून घासून कातडी सोलवटतात. तो मळ नाही. त्याच मुलीची पाळी महिनोन्‌महिने चुकत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएस असू शकतो आणि त्याच्या मुळाशीही अनेकदा इन्सुलिन रेझिस्टन्स असतो. लग्न जमवण्याच्या घाईत ही गोष्ट दडवली जाते. आयांनो, मुलीला बोल लावण्याऐवजी डॉक्टरांकडे न्या. तिची चूक नाही.

दुसरी खूण कमरेची. भारतीय पुरुषांत कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांत ८० च्या वर गेली, की सावध व्हावे, मग वजनकाटा काहीही म्हणो. शिंप्याची टेप घरोघर असते. तपासणीत उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ किंवा तीन महिन्यांची सरासरी, एचबीएवनसी, ५.७ ते ६.४ आली तर तो उंबरठा समजावा. रक्तातल्या इन्सुलिनची तपासणीही होते, पण तिचे आकडे प्रयोगशाळेगणिक बदलतात. ती सर्वांनी करून घ्यायची गरज नाही. कुणाला लागेल ते डॉक्टर ठरवतील.

ज्यांना औषध चालू आहे

इथे मला माझ्या मुस्लिम वाचकांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. इन्सुलिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांनी आणि साखर उतरवणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता रोजा ठेवणे धोक्याचे आहे. दिवसभर पोट रिकामे आणि औषध मात्र नेहमीचेच, असे झाले तर साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, हातपाय कापतात, माणूस बेशुद्ध पडू शकतो. डॉक्टर डोस आणि वेळ बदलून देतात, काहींना रोजा नको असे सांगतात. हे विचारायला रमजानच्या दीड-दोन महिने आधी जायचे असते. या वर्षी राहिले असेल तर आज जा.

रोज्यात बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडावा, असा मधुमेहतज्ज्ञांचा सल्ला आहे. कुरआनच्या सूरह बकरामध्ये, जिथे रोजे फर्ज केले, तिथेच आजारी माणसाला सवलत दिली आहे. ज्याचा आजार बरा होणार नाही त्याच्यासाठी फिदया, म्हणजे गरिबाला जेवू घालणे, हा मार्ग आहे. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून रोजा ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांना घरातल्यांनीच प्रेमाने हे सांगायला हवे. अब्बांना, दादीला शेजारचे डॉक्टर सांगू शकतात, पण मुलाने-सुनेने सांगितलेले वेगळे लागते.

ईदला शीरखुर्मा होणारच, आणि तो शेजारी जाणारच. आमच्या गल्लीत दिवाळीचा फराळ जसा येतो, तसा तो जातो. यंदा एवढेच करू या : वाटी लहान घेऊ, एकाच घरी खाऊ, आणि बाकीच्या घरी नुसते बसून गप्पा मारू. आग्रह करणाऱ्यानेही दुसऱ्यांदा आग्रह करू नये. चुलते, मामू, शेजारचे काका, सगळ्यांच्याच पोटातल्या जंजिऱ्यांना तेवढा आराम मिळेल.